नग तीन

जिन्सी नाल्यावर आमचं दुकान आहे. म्हणजे होतं.
जिन्सी म्हणजे तोफखाना,
हे आता ग्वाल्हेरच्या रिक्षावाल्याच्या गावीही नसतं,
तो एवढंच विचारतो, एक नंबर, दोन की तीन?
दोन. पाटीवर अजून
शिरढोणकर रेडिओ, आणि खाली
उन्हाने खाल्लेली दुरुस्ती.

दादा गेल्यावर टेबलाखाली निघाला
डालड्याचा डबा. एका हाताने उचलेना.
मला वाटलं, नाणी.
निघाले थेंब. डाखाचे,
बत्तीस वर्षं कांबेवरून झटकलेले,
चपटे, शेपटीवाले, काही माशाच्या डोळ्याएवढे.
फेकलं त्यांनी काहीच नव्हतं.
माझी पत्रंसुद्धा नाही. न उघडलेली.

गिऱ्हाईक आलं ते भदौरिया, भिंडकडचे,
पेन्शनीतले सुभेदार.
आजोबांची रायफल, संस्थानच्या वेळची,
जिची गोळी आता कुठल्याच दुकानात मिळत नाही.
परवाना प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवी खिशात, खिशाला बटण.
"राँगा है क्या, बिटिया?"
मी साठीची. है, म्हटलं.

त्यांनी एक थेंब उचलला, नखाने ओरखडला,
कानाशी वाकवला, ऐकला,
आमच्या भाटेवैद्यांनी नाडी पाहावी तसा.
म्हणाले, नुसतं शिसं बुजरं असतं,
साच्याच्या कोपऱ्यात शिरत नाही.
थोडं कथील भेटलं की
धीट होतं, कडा धरतं.
लग्न जुळवणाऱ्याच्या आवाजात म्हणाले हे सगळं.

मागच्या अंगणात शेगडी, लोखंडी कढई.
थेंब आधी हट्टाने थेंबच राहिले
आणि मग एकदम कुणीच वेगळं नव्हतं.
वर मळ आला, काळा, तो त्यांनी पळीने काढला.
खाली आरसा.
राळेचा वास उठला.
मी वळून दुकानात पाहिलं. चुकून.

त्या कढईत कुठेतरी होता
हजिऱ्याच्या गिरणीतल्या जॉबरचा ट्रान्झिस्टर,
जो फक्त रात्रपाळीलाच बिघडायचा.
होता टोकेकरबाईंचा मर्फी,
एकाहत्तरच्या डिसेंबरात बातम्या चालू असताना
मध्येच गप्प झालेला.
दादा ब्लॅकआउटमध्ये गेले, कंदिलावर टॉवेल टाकून,
एक तार जोडून आले.
बाईंचा मुलगा परत आला की नाही
ते दादांनी सांगितलं नाही.
किंवा मी विचारलं नाही. आता दोन्ही सारखंच.

पहिल्या चार गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या,
बाळंतघरातल्या पोरांसारख्या.
साचा थंड होता. परत कढईत.
"माल वापस जाता है, बिटिया, बरबाद नहीं होता."
पाचवी नीट आली.
मग टपाटप, ओल्या गोणपाटावर,
प्रत्येक पडताना चर्र.
मोजून बारा. गरम गरम
त्यांनी एक माझ्या तळहातावर ठेवली
आणि मी ती या हातातून त्या हातात नाचवत राहिले,
चुलीतल्या बटाट्यासारखी.
मी पैसे घेतले नाहीत.
घेतले. दोनशे.

दसऱ्यानंतर आले, पायाला चंबळची पिवळी माती.
बीहडातल्या कड्यावर भोपळा ठेवून झाडल्या म्हणे.
"भोपळ्याला काही झालं का?"
हसले. उत्तर नाही.
रुमाल सोडला टेबलावर, माती चाळून आणलेलं सगळं,
भूछत्रासारखी फुललेली, वाकडी, एक तर दुमडून
थेट पुन्हा थेंब झालेली.
"फिर ढालेंगे।"
मी मोजल्या. नऊ.

पुढचा पाऊस त्या तिघींना कुठे नेईल,
त्यांच्यात कुणाची तार आहे,
हे कढईलाही माहीत नव्हतं.

रात्री दादांची उधारीची वही काढली.
शेवटची ओळ त्यांच्या अक्षरात,
घाडगे, बुशचा पट्टा, चार रुपये, येणे.
त्याखाली मी लिहिलं,
भदौरिया, नग तीन, येणे.
अक्षर त्यांच्यासारखंच आलं, तिरकं.
तारीख घालायची राहिली.